क्षोभी आतडे : आहार व दिनचर्या

क्षोभी आतडे म्हणजे आतड्याची रचना निरोगी दिसूनही पोटदुखी, फुगारा, जुलाब वा बद्धकोष्ठ वारंवार उद्भवणारा विकार, बोलीत आयबीएस. निदानाच्या २०१६ च्या रोम-४ निकषांत तीन महिने, आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी शौचाशी निगडित पोटदुखी अपेक्षित आहे. धाराशिव जिल्ह्याच्या रोजच्या ताटात या त्रासावर उतारा आणि चिथावणी दोन्ही सापडतात. ज्वारीची भाकरी बहुधा गव्हाच्या पोळीपेक्षा सोसते. कांदा-लसणातील फ्रुक्टन, तूर-हरभऱ्यातील न पचणाऱ्या शर्करा, कुंथलगिरीच्या खव्यातील लॅक्टोज काहींना वायूचा त्रास देतात. झणझणीत आमटी नाकारणे या भागात अवघडच! तरी सारे कायमचे वर्ज्य करू नये: मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या फोडमॅप (अशा वायू करणाऱ्या शर्करा) टाळण्याच्या पद्धतीत दोन ते सहा आठवड्यांच्या पथ्यानंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहतात. इसबगोल, वेळेवर जेवण, चालणे व झोप उपयुक्त. शौचातून रक्त किंवा विनाकारण वजनघट असल्यास आधी तपासणी करावी.