मोटेची सोंड : एका शिवणीचा इतिहास

१/ साताऱ्याजवळील लिंब येथील ‘बारा मोटांची विहीर’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळात, इ.स. १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. तिचे दगडी काम आजही भक्कम आहे. मात्र जिच्यावरून विहिरीला नाव पडले ती मोट तेथे नाही. दगड टिकला, कातडे टिकले नाही. हा धागा त्या कातड्याविषयी आणि ते शिवणाऱ्या हातांविषयी.

२/ मोट म्हणजे विहिरीचे पाणी उपसण्याची चामड्याची मोठी पिशवी. सर्वसाधारण मोटेत दीडशे-दोनशे लिटर पाणी मावे. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत गेले की मोट वर येई. बैल मागे सरले की ती पुन्हा पाण्यात उतरे. वर आलेले पाणी थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने मळ्यात जाई.

३/ या पिशवीला दोन टोके असत. वरचे टोक म्हणजे रुंद तोंड. लोखंडी कडे बसवून ते सदैव उघडे ठेवलेले. खालचे टोक निमुळते, आणि त्याला जोडलेली चामड्याची लांब नळी, तीही दोन्ही बाजूंनी उघडी. हीच मोटेची सोंड. साहजिकच प्रश्न पडतो : जिच्या तळाला उघडी नळी आहे, त्या पिशवीत पाणी राहतेच कसे?

४/ उत्तर दोन दोरांत आहे. तोंडाच्या कड्याला बांधलेला जाड नाडा उंचावरील चाकावरून जाई. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक दोर, ज्याला पुष्कळ भागांत सोल म्हणत, काठालगतच्या बसक्या लाकडी रुळावरून जाई. मोट वर येताना सोंड दुमडलेली असे आणि तिचे टोक मोटेच्या तोंडाच्या उंचीवर ओढून धरलेले राही. टोक पाण्याच्या पातळीच्या वर असेल, तोवर पाणी सोंडेतून बाहेर पडू शकत नाही.

५/ मोट काठाशी आली की खेळ बदले. नाडा तिला आणखी वर, चाकाकडे नेई. सोल मात्र सोंडेचे टोक रुळावरून आडवे, थारोळ्याकडे खेची. दुमड सुटे, सोंड सरळ होई आणि सारे पाणी धो धो थारोळ्यात पडे. कोणी हात लावण्याची गरज नसे.

६/ ही सोय किती मोठी होती, हे उत्तर भारतातील ‘चरस’ पाहिल्यावर कळते. अनेक ठिकाणी ही चामड्याची पिशवी बिनसोंडेची असे. ती काठावर ओढून रिकामी करण्यास दुसरा माणूस उभा ठेवावा लागे. सोंडेच्या मोटेवर मात्र बैल हाकणारा एकटा मोटकरी पुरे. एका माणसाची मेहनत वाचली, ती पिशवीच्या एका टोकाच्या रचनेमुळे.

७/ आता शिवणीकडे येऊ. सोंड पिशवीहून अगदी आखूड असून चालत नसे. दुमडल्यावर तिचे टोक तोंडापर्यंत पोचलेच पाहिजे. नळीचा घेर आणि पिशवीच्या निमुळत्या तळाचा घेर जुळला पाहिजे. न जुळल्यास चुण्या पडतात आणि चुणीतून पाणी झिरपते. नळीची उभी शिवण तळाच्या गोल शिवणीला जेथे भेटते, तेथे कातड्याचे थर एकावर एक येतात. सर्वांत अवघड जागा तीच.

८/ त्यातच पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. म्हणजे सर्वाधिक भार तळाच्या जोडावर. शिवाय प्रत्येक खेपेला हा जोड वाकणार आणि पुन्हा सरळ होणार. तासाला चाळीस खेपा आणि खेपेला दीडशे लिटर धरले, तर सहा हजार लिटर पाणी या एका शिवणीवरून जाते.

९/ मग शिवण गळत कशी नसे? आरीने पाडलेले छिद्र चामड्याचे तंतू बाजूला सारते. त्यातून चामड्याची वादी ओवून ताणली आणि मोट भिजली, की कातडे व वादी दोन्ही फुगतात आणि छिद्र मिटते. येथे पाणीच शिवणीला घट्ट करते. उलट कोरडी पडलेली मोट आखडते, तडकते. म्हणून तिला तेल पाजावे लागे, वरचेवर दुरुस्तही करावे लागे.

१०/ शिवण्यापूर्वीचे कामही कष्टाचे होते. कातडे चुन्यात भिजवून केस काढीत, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्याने ते कमावीत. एका पद्धतीत तर कातडेच पिशवीसारखे शिवून, त्यात हे पाणी भरून, टांगून ठेवीत. पाणी हळूहळू झिरपे आणि कातडे मुरे. काही काळाने पिशवी उलटी टांगीत, म्हणजे दोन्ही टोके सारखी मुरत. मोट होण्याआधीच ते कातडे एकदा पिशवी होऊन गेलेले असे!

११/ हे सारे कोण करीत असे? मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, शिवण्याचे व दुरुस्तीचे चांभारांकडे आणि नाडा-सोल वळण्याचे मांगांकडे अशी वाटणी अनेक गावांत होती. मोबदला बहुधा बलुत्याच्या धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार दर्शन घडते.

१२/ आणि येथेच या इतिहासाची खरी जखम आहे. यांच्या हातची मोट विहिरीत दिवसभर बुडे, ते पाणी सवर्णांच्या मळ्याला चाले. पण या हातांनी सार्वजनिक पाणवठ्याला स्पर्श केला की विटाळ होई. कातडे चालत असे, माणूस चालत नसे.

१३/ म्हणूनच जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना मोठी. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा निर्णय घेतला. तरीही तो हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

१४/ पुढे लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या. तरी पुष्कळ ठिकाणी सोंड चामड्याचीच राहिली, कारण पत्रा दुमडत नाही! पिशवीची जागा लोखंडाने घेतली. टोकाची जागा त्याला घेता आली नाही. अखेर तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आले, तेव्हा सोंडेचेही काम संपले.

१५/ यापुढे जुनी विहीर पाहाल तेव्हा काठ नीट न्याहाळा. चाकासाठी उंच आधार दिसेल. त्याच्या खाली, अगदी काठाशी, रुळाची बसकी जागा शोधा. ती सापडली की समजावे, येथे सोंडेची मोट चालत होती. विहीर बांधविणाऱ्याचे नाव शिलालेखात मिळेल. सोंड शिवणाऱ्याची आठवण सांगणारी खूण बहुधा तेवढीच उरली आहे.