मोनोसोडियम ग्लुटामेट
मोनोसोडियम ग्लुटामेट हे ग्लुटामिक आम्लाचे सोडियमयुक्त लवण असून खाद्यपदार्थांची चव वाढवण्यासाठी ते वापरले जाते. महाराष्ट्रात हा पदार्थ ‘अजिनोमोटो’ या नावाने ओळखला जातो. वास्तविक अजिनोमोटो हे त्याचे उत्पादन करणाऱ्या जपानी कंपनीचे व्यापारी नाव आहे; जपानी भाषेत त्याचा अर्थ ‘चवीचे मूळ’ असा होतो. वेष्टनावरील घटकसूचीत हा पदार्थ ‘आयएनएस ६२१’ किंवा ‘ई ६२१’ या क्रमांकाने दर्शवलेला असतो.

स्वरूप आणि चव
हा पदार्थ पांढऱ्या, स्फटिकमय व गंधहीन कणांच्या रूपात मिळतो आणि पाण्यात सहज विरघळतो. ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनांचा घटक असलेले अमिनो आम्ल आहे. ते मुक्त स्वरूपात पिकलेले टोमॅटो, अळंबी, मुरवलेले चीज, सोया सॉस आणि मातेचे दूध यांतही असते. अन्नातील नैसर्गिक ग्लुटामेट व वरून घातलेले ग्लुटामेट यांत शरीर भेद करत नाही. गोड, आंबट, खारट व कडू यांहून वेगळ्या अशा या चवीला ‘उमामी’ म्हणतात. जिभेवर या चवीचे स्वतंत्र ग्राही असल्याचे एकविसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले.

इतिहास
जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल हाइनरिख रिटहाउझेन यांनी १८६६ मध्ये गव्हातील ग्लुटेनपासून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. टोकियो येथील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या सारातील चवीचे कारण ग्लुटामेट असल्याचे शोधून काढले व त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्याची व्यापारी विक्री सुरू झाली.

उत्पादन
आरंभी हा पदार्थ गव्हाच्या ग्लुटेनपासून काढला जाई. १९५० च्या दशकात जपानमध्ये ग्लुटामिक आम्ल तयार करणारा जिवाणू सापडला आणि किण्वनाची पद्धत रूढ झाली. आज ऊस, बीट, मका किंवा टॅपिओका यांपासून मिळणारी शर्करा अथवा साखर कारखान्यातील मळी जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून हे उत्पादन होते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्यांतील मळी महाराष्ट्रात मुख्यतः मद्यार्क व इथेनॉल यांसाठी वापरली जात असली, तरी ग्लुटामेटच्या उत्पादनालाही तशीच मळी चालते.

महाराष्ट्रातील ‘चायनीज’
कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी समाजाने आपल्या पाककृतींना भारतीय रुचीची जोड दिली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस व कॉर्नफ्लोअर यांच्या मिश्रणातून ‘चिकन मंचुरियन’ तयार केले, असे मानले जाते. पुढे हाक्का नूडल्स, शेजवान राइस, कोबी मंचुरियन आणि चायनीज भेळ हे पदार्थ शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत व जत्रांपर्यंत पोहोचले. या पदार्थांचा मूळ चिनी पाकपरंपरेशी असलेला संबंध क्षीण आहे.

आरोग्यविषयक वाद
१९६८ मध्ये रॉबर्ट हो मॅन क्वॉक या डॉक्टरांचे पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चिनी उपाहारगृहात जेवल्यानंतर मानेत बधिरता, अशक्तपणा व धडधड जाणवते असे त्यांनी लिहिले आणि सोया सॉस, स्वयंपाकातील मद्य, मीठ व ग्लुटामेट अशी अनेक संभाव्य कारणे सुचवली. लोकमानसात मात्र त्यातील एकच कारण रुजले. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ग्लुटामेटची मोठी मात्रा टोचली असता मेंदूला इजा झाल्याचे दाखवले. परंतु टोचून दिलेल्या मात्रेचे निष्कर्ष अन्नातून पोटात जाणाऱ्या अल्प मात्रेला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये या पदार्थासाठी दैनिक मर्यादा ठरवण्याची आवश्यकता नसल्याचे मत दिले. अमेरिकेतील १९९५ च्या एका अहवालानुसार अन्नाविना एका वेळी ३ ग्रॅम किंवा अधिक मात्रा घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना डोकेदुखी, बधिरता यांसारखी अल्पकालीन लक्षणे जाणवू शकतात. स्वतःला ग्लुटामेट सोसत नाही असे सांगणाऱ्या १३० व्यक्तींवरील व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिलेल्या चाचण्यांत सातत्याने आढळली नाहीत.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये अधिक सावध भूमिका घेऊन शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. त्यानुसार ५० किलो वजनाच्या व्यक्तीस दीड ग्रॅम, तर २० किलो वजनाच्या मुलास ०.६ ग्रॅम इतकीच मात्रा येते. एक लहान चमचा साधारण ४ ते ५ ग्रॅमचा असल्याने, हाताच्या अंदाजाने घातलेली मात्रा मुलांच्या बाबतीत ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

भारतातील कायदा
भारतात ग्लुटामेटवर सरसकट बंदी नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये केलेल्या नियमांनुसार काही ठराविक पदार्थांत ते मिसळता येत नाही. मिसळले असल्यास तसे वेष्टनावर नमूद करणे आणि १२ महिन्यांखालील बालकांसाठी ते योग्य नसल्याची सूचना देणे या नियमांत आवश्यक मानले गेले. गाडीवर विकल्या जाणाऱ्या पदार्थांना वेष्टनच नसल्याने ग्राहकाला ही माहिती मिळत नाही.

मॅगी प्रकरण
उत्तर प्रदेशात घेतलेल्या नमुन्यांत शिसे व ग्लुटामेट आढळल्यानंतर, ५ जून २०१५ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने नेस्ले इंडियाच्या मॅगी नूडल्सची विक्री थांबवली. ‘ग्लुटामेट मिसळलेले नाही’ या वेष्टनावरील मजकुरावरही आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी हा आदेश रद्द केला व तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्यास सांगितले. त्यात शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. नैसर्गिक आणि मिसळलेले ग्लुटामेट तपासणीतून वेगळे ओळखता येत नाही, ही अडचण या प्रकरणातून पुढे आली.

इतर घटक
चायनीज पदार्थांविषयीची चर्चा बहुधा अजिनोमोटोपाशीच थांबते. आहाराच्या दृष्टीने पुढील बाबी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

मीठ : जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. ग्लुटामेटमध्ये सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के असते. म्हणून मीठ कमी करून थोडे ग्लुटामेट वापरल्यास एकूण सोडियम घटते. व्यवहारात मात्र दोन्ही घातली जातात.

कृत्रिम रंग : जानेवारी २०२४ मध्ये गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग व अस्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनच्या विक्रीस मनाई केली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने या पदार्थात कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली.

तेल : वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक संयुगे वाढतात. भारतात १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के आहे.

मैदा व कॉर्नफ्लोअर : यांत तंतुमय पदार्थ अत्यल्प असतात. घरी असे पदार्थ करताना भाज्यांचे प्रमाण वाढवणे, मंचुरियन तळण्याऐवजी वाफवणे किंवा आप्पेपात्रात करणे, सॉस मोजून घालणे आणि रंगासाठी काश्मिरी मिरची किंवा बीट वापरणे हे सोपे पर्याय आहेत.