हळद रंगात आली आणि बेंजोची तार तुटली, तर पुढे काय होतं?

लग्नसराईत कळवा, खारीगाव, विटावा या पट्ट्यात हळद कोणाच्या दारात आहे हे विचारावं लागत नाही. दोन गल्ल्या अलीकडेच बेंजो ऐकू येतो. आगरी-कोळी हळद आणि बेंजो यांचं नातं इतकं घट्ट आहे की लग्नाची तारीख निघाली की बेंजो पार्टीला सुपारी देण्याची घाई सुरू होते. (सुपारी म्हणजे बुकिंग. गैरसमज नको.)

सगळं रंगात आलेलं असतं. नवरदेवाचे मामा नाचतायत, मावश्या नाचतायत, आणि अशात बेंजोवरून ‘टंग’ असा आवाज येतो. तार तुटली.

रात्रीचे साडेआठ वाजलेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला १२ वाजेपर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर होतात. तुमच्या घरची हळद त्यात बसेलच असं नाही. म्हणजे हातात उरलेला वेळ दीड तास. त्यातली वीस मिनिटं दुरुस्तीत गेली तर घरचे नाराज, पैसे देताना घासाघीस, आणि पुढची सुपारी दुसऱ्या पार्टीला.

त्यामुळे बेंजोवाला नुसता वादक असून भागत नाही. त्याला मेकॅनिकही व्हावं लागतं.

आधी हे समजून घ्या, हा बेंजो अमेरिकेतला नाही

इंटरनेटवर ‘बँजो’ शोधलं की गोल, चामडं किंवा प्लास्टिक ताणलेलं, लांब मानेचं एक वाद्य दिसतं. ते अमेरिकन वाद्य, त्याची मुळं आफ्रिकेत. आपल्या हळदीतल्या बेंजोशी त्याचा नावापलीकडे काहीही संबंध नाही.

आपला बेंजो मुळात जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘तैशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं. जपानमध्ये त्याच वर्षी तैशो राजवट सुरू झाली होती, त्यावरून हे नाव. कल्पना साधी होती. तारवाद्य शिकायला वर्षं जातात, कारण तार नेमकी कुठे दाबायची हे बोटांना कळावं लागतं. मग तारेवर टाइपरायटरसारखी बटणंच बसवली तर? बटण दाबलं की तार बरोबर पडद्यावर टेकणार आणि सूर चुकणार नाही.

हेच वाद्य आपल्याकडे आलं आणि ‘बुलबुल तरंग’ झालं. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या लोकसंगीतात मानाने बसलं. मुंबई-ठाण्यात त्याला पिकअप बसला, वायर जोडली गेली, ॲम्प्लिफायर आला आणि घरात हळू आवाजात वाजणारं वाद्य टेम्पोवर चढलं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन याच वाद्यावर आणि वादकांवर हिंदी सिनेमा काढला, तेव्हा कुठे बाकीच्या देशाला हे वाद्य दिसलं.

दुरुस्ती समजायची तर बेंजोचे तीन भाग डोक्यात ठेवायचे: तारा, बटणं आणि करंट. बिघाड या तिघांपैकी एकात असतो. आपण सुरुवात तारेपासून करू, कारण सगळ्यात जास्त दगा तीच देते.

तार तुटली तरी गाणं थांबत नाही, पण...

बेंजोवर मुख्य सुराच्या तारा एकापेक्षा जास्त असतात. त्या एकाच सुरात किंवा एक सप्तक खाली-वर लावलेल्या असतात आणि बटण त्या सगळ्यांना एकदम दाबतं. त्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या वाजत राहतात. आवाज थोडा बारीक होतो. नाचणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही.

खरी अडचण वेगळीच असते. तुटलेलं टोक बटणांच्या खाली शिरतं किंवा शेजारच्या तारेला चिकटतं आणि सगळा बेंजो झणझणायला लागतो. म्हणून नवी तार लावण्याच्या आधीचं काम म्हणजे जुनी बाहेर काढणं. पक्कड घ्यायची, दोन्ही बाजूंनी कापायची, ओढायची. ढोल आणि ऑक्टोपॅडवाल्यांनी दोन आवर्तनं ओढून धरली तर एवढ्या वेळात हे काम होतं. नवी तार पुढच्या गाण्याच्या आधी.

तार कुठे तुटली हे बघितलं तर का तुटली तेही कळतं. घोडीपाशी तुटली असेल तर घोडीच्या खाचेला धार आलेली असते किंवा तिथे गंज धरलेला असतो. खुंटीपाशी तुटली तर वळसे एकावर एक चढलेत किंवा भोकाची कड तारेला कापतेय. बटणाच्या खाली तुटली तर त्या जागचा पडदा झिजून त्यावर खाच पडलीये. आणि पिक जिथे आदळतो तिथे तुटली तर तार जुनी झालीये, दुसरं काही नाही. कारण न बघता नवी तार लावली तर तीही त्याच जागी तुटते आणि मग लोक तारेच्या कंपनीला शिव्या घालतात.

खुंटीपाशी तुटलेल्या तारेचा एक फायदा असतो. खुंटीवर जास्तीचे वळसे असतील तर ते सोडवून तीच तार परत वापरता येते. दुसऱ्या टोकाला, फासापाशी तुटली असेल तर पक्कडीने पीळ देऊन नवा फास करायचा. हे जमणं मात्र सरावाचं काम आहे. पीळ सैल पडला तर ताण दिल्याबरोबर सुटतो आणि हात कापतो.

नवी तारच नसेल तर इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार चालून जाते. ती साधारण ०.२३ ते ०.२५ मिलिमीटर जाडीची, साध्या पोलादाची असते आणि गिटारची तार कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळते.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘सारखी तुटते ना, मग जाड तार लाव’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. जाड तार जास्त ताण सोसते हे खरं, पण तिला त्याच सुरात आणायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. दोन्ही हिशेब एकमेकांना खाऊन टाकतात. तारेची लांबी आणि पोलाद तेच असेल तर ती किती उंच सुरापर्यंत जाऊ शकते हे जाडीवर ठरतच नाही. जाड तारेने बटणं मात्र जड होतात आणि लाकडी पेटीवरचा भार वाढतो. गायकाने चढं स्केल मागितलं म्हणून तारा वर खेचल्या तर त्या तुटणारच. त्यापेक्षा दुसऱ्या बटणापासून वाजवणं सोयीचं, कारण बेंजोवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या सुरांची बटणं असतात.

नवी तार लावल्यावर ती लगेच उतरते, कारण वळसे आणि फास ताणाखाली आवळत जातात. त्यासाठी तार बोटाने हलकेच वर ओढायची, परत सुरात लावायची, असं चार-पाच वेळा. ढोलाच्या गदारोळात कानाने सूर लावणं अवघड, मोबाइलमधला ट्यूनरही आजूबाजूचा आवाज पकडतो. तिथे चिमट्याचा ट्यूनर कामाला येतो. तो हवेतला आवाज ऐकत नाही, वाद्याची थरथर मोजतो.

एक बटण अडकलं तर?

हा बिघाड तारेपेक्षा वाईट.

बेंजोवर आवाज निघतो तो दाबलेल्या जागेपासून घोडीपर्यंतच्या तारेतून. एका वेळी दोन बटणं दाबली गेली तर घोडीच्या जवळचं, म्हणजे उंच सुराचं बटण जिंकतं. आता समजा वरच्या सप्तकातलं एक बटण खालीच अडकून बसलं. त्याच्या खालचे सगळे सूर गेले. डावा हात कितीही फिरवा, तोच एक सूर वाजत राहणार. उलट अगदी खालच्या सुराचं बटण अडकलं तर त्याच्या वरचं सगळं व्यवस्थित वाजतं आणि वादक तसंच गाणं संपवू शकतो.

त्यामुळे अडकलेलं बटण कुठलं आहे, यावर घाई किती करायची ते ठरतं.

बटण वर उचलणारी स्प्रिंग थकते, निसटते किंवा गंजते. हळदीत तर साक्षात हळदच उडत असते. हळद, तेल, घाम आणि धूळ यांचा लगदा बटणांच्या फटींत बसला की बटणं जड होतात. आधी नुसतं कापडाने पुसून, हलवून बघायचं. स्प्रिंगच गेली असेल तर सगळ्यात खालच्या टोकाचं, क्वचितच लागणारं बटण शोधायचं आणि त्याची स्प्रिंग काढून इथे लावायची. बॉलपेनची स्प्रिंग कापूनही काम निभतं. अगदीच काही नाही तर रबर बँड. आणि तेही नाही तर ते बटणच उपटून खिशात टाकायचं. गाण्यातला एक सूर कमी होईल, पण बाकीचे वाचतील.

तेल मात्र तिथे ओतायचं नाही. तेलावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी दहा बटणं अडकतात.

आवाजच गेला तर

तारा नीट, बटणं नीट, पण स्पीकरमधून काहीच नाही. अशा वेळी बेंजो खोलायची घाई करू नये. आधी केबल बदलून बघायची. मग जॅक हलवून बघायचा. वायर सारखी ओढली जाऊन जॅकचा नट सैल होतो आणि आतली डाख दिलेली तार सुटते. सोल्डरिंगची सोय टेम्पोवर नसतेच. तार पिळून, इन्सुलेशन टेप मारून रात्र काढायची आणि वायरचा एक वळसा पट्ट्याला बांधून टाकायचा, म्हणजे पुढचा झटका जॅकवर येणार नाही.

इथे एक गोष्ट गंमतीत घेण्यासारखी नाही. पोलादी तारा पिकअपच्या वायरिंगमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असू शकतात. जनरेटरचं अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये दोष असेल तर २३० व्होल्टचा करंट थेट तारांवर येऊ शकतो. तारेला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ती धोक्याची घंटा आहे. वाजवणं थांबवून आधी जनरेटर बंद करायचा. गणपतीत भर पावसात ओल्या टेम्पोवर उभं राहून ॲम्प्लिफायरचं झाकण उघडणं हा जुगाड नाही, जिवाशी खेळ आहे. सुपारी गेली तरी चालेल.

नॅशव्हिलचा वादकही हेच करतो

अमेरिकन कंट्री संगीतात ‘पेडल स्टील गिटार’ नावाचं वाद्य असतं. पायाखाली पेडल, गुडघ्यापाशी दांडे, पोटाखाली सळ्यांचं जाळं. पेडल दाबलं की सळी ओढली जाते आणि वाजत असतानाच तारेचा सूर वर-खाली होतो. दौऱ्यावर असताना त्याचीही तार तुटते, बहुतेकदा तिसरी, कारण ती बारीक, भरपूर ताणलेली आणि पेडलने सारखी ओढली जाणारी. सळी निसटली तर वादक ते पेडल सोडून देतो आणि तोच सूर हातातली लोखंडी कांडी सरकवून काढतो. वाद्य लाखोंचं असो की काही हजारांचं, रस्त्यावरचा नियम एकच दिसतो: जे मोडलंय ते बाजूला काढा आणि उरलेल्यावर गाणं संपवा.

फरक मदतीचा आहे. सतार-तंबोऱ्याला मिरजेतल्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बेंजोच्या नशिबी असं काही नाही. बेंजो बनवणारे आहेत, पण वादक बऱ्याचदा स्वतःच त्यात बदल करत जातो. पिकअप एकाचा, खुंट्या गिटारच्या, स्प्रिंगा कुठल्या तरी. त्यामुळे एकाचा बेंजो दुसऱ्याच्या हातात दिला तर त्याला पटकन उमगत नाही.

मग कीबोर्डच का नको?

अनेक पार्ट्यांनी तेच केलंय. कीबोर्डची तार तुटत नाही, तो सुरात लावावा लागत नाही, एका बटणावर शंभर आवाज. सोय म्हणून यात वावगं काही नाही. पण कीबोर्डमध्ये पाणी शिरलं किंवा आतला बोर्ड गेला की तो तिथेच संपतो. बेंजो लंगडत का होईना, वरात दारापर्यंत पोहोचवतो. शिवाय बेंजोची ती कर्कशतेकडे झुकणारी, तार खरवडल्यासारखी धार कीबोर्डवर येत नाही. ज्यांनी दोन्हींवर नाचून बघितलंय त्यांना हे सांगावं लागत नाही.

पेटीत काय हवं

तारांचे दोन जोड, पक्कड, छोटा स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, चार स्प्रिंगा, टेप, जास्तीची केबल, चिमट्याचा ट्यूनर आणि एक पेन्सिल. पेन्सिल लिहायला नाही. तिचं शिसं घोडीच्या खाचेत घासलं की तार तिथे अडकत नाही.

आणि एक सुती फडकं. कळव्याला खाडी लागून आहे, हवा खारट आणि दमट. त्यात हाताचा घाम तारेवर राहिला तर पावसाळ्यात काही दिवसांतच तांबूस डाग दिसायला लागतात. वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून पुसायला दोन मिनिटं लागतात. रात्रीपुरता केलेला जुगाड, म्हणजे रबर बँड, टेप, पिळलेला फास, हे सगळं सकाळी काढून टाकायचं आणि एक तार तुटली असेल तर तिच्या जोडीच्या ताराही बदलायच्या. त्यांचंही वय तेवढंच झालेलं असतं.