पंगत, पत्रावळ आणि उरलेलं

मंडळी, गेल्या महिन्यात इथं शिरगावात आमच्या घरी नातवाचा वाढदिवस झाला. २५ माणसं. थर्माकोल आणायचा नाही, प्लास्टिक आणायचं नाही, हे घरात आधीच ठरलं होतं. कायद्यानं तरी कुठं परवानगी आहे म्हणा! २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात अशी ताटं-वाट्या बंद झाल्या, १ जुलै २०२२ पासून देशभर. लग्नसराईत अजून दिसतात, ते सोडा. आम्ही पळसाच्या पत्रावळी आणल्या आणि आपली जुनी पंगत किती शहाणी होती, हे पाहुण्यांना ऐकवत सुटलो.

शहाणी होतीच. पानं काडीनं टाचलेली, जेवण झालं की खतात. वाढणारा वाकून विचारायचा, 'वाढू का?' आणि नको असेल तर जेवणारा पानावर हात आडवा धरायचा. बुफेत असं विचारणारं कुणी नसतं. परत रांग कोण लावणार, म्हणून आपण पहिल्याच फेरीत ताट भरून घेतो आणि अर्धं टाकतो.

पण पानावर राहिलेल्याचं काय व्हायचं? मराठीत इथं दोन शब्द आहेत. पातेल्यात राहतं ते उरलेलं, पानात राहतं ते उष्टं. यजमानाच्या घरात दुसऱ्याचं उष्टं कुणी खात नसे. (नवऱ्याच्या पानात जेवणारी बायको हा अपवाद, त्यावर वेगळं व्याख्यान होईल.) तरी ते वाया जात नसे. कारण अनेक गावांत उष्ट्या पत्रावळी उचलणं ठरावीक जातींवर ढकललेलं होतं, आणि त्यातलं वेचून ती माणसं पोरांसाठी घरी नेत. म्हणजे पंगतीत कचरा होत नव्हता, तो कुणाच्या तरी भुकेमुळे.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि लोकांनी टाकलेलं उष्टं खाणं सोडा, असंही सांगितलं. आमच्या मते महाड हा पाण्याइतकाच अन्नाचाही लढा होता. वर्गात हे आम्ही अनेकदा शिकवलं.

आणि तरी त्या रात्री पुलाव उरला, तेव्हा आम्ही डबा भरून कामाच्या मावशींपुढे धरला. "घेऊन जा, वाया जायला नको." त्या म्हणाल्या, "सर, द्यायचंच तर पाहुण्यांच्या आधी काढून ठेवत जा. सगळ्यांचं झाल्यावर नको."

हे उष्टं नाही हो, पातेल्यातलं आहे, असा युक्तिवाद अगदी ओठांवर आला होता. गिळला.

पुढच्या वेळी कोण कोण येणार हे दोन दिवस आधी फोन करून विचारायचं, तांदूळ त्या मापानं भिजवायचे आणि पहिलं पान मावशींचं, तेही आमच्या पंगतीत, त्यांना बसायचं असेल तर. तो पुलाव आम्ही दोघांनीच दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा गरम करून खाल्ला. रात्री जरा कोरडा लागला.