लेझीम : आखाड्यातून शाळेत

भोर तालुक्यातील कामथडीसारख्या गावी जत्रेच्या दिवशी लेझीम पाहिलेल्या गृहस्थास शाळेच्या पटांगणावरील लेझमीत प्रथम खटकते ती शिक्षकाच्या तोंडातील शिट्टी. जत्रेत पावलास हुकूम हलगीचा, शाळेत आकड्यांचा. हा पालट कसा झाला?

लेझीम हा शब्द फारसी. सरावाचे मऊ धनुष्य असा त्याचा अर्थ. वेळूच्या धनुष्यास दोरीऐवजी लोखंडी साखळी लावली की तिरंदाजाचे दंड व मनगट कमावण्याचे ते साधन होई. पुढे वेळूच्या जागी आखूड लाकडी दांडा आला, साखळीत चकत्या आल्या. मात्र भाषेने जुनी आठवण सोडली नाही. खेडूत लेझीम नाचत नाही, खेळतो.

या क्रियापदानेच तिला शाळेचे दार उघडले, असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आम्हा पांढरपेशांच्या घरी नाच म्हणताच तमाशाचा फड डोळ्यांपुढे येई. मुलींना नाच शिकविण्याची तर गोष्टच नको. व्यायाम मात्र देशकार्य होते. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम दाखविले. अशा संस्थांच्या आश्रयाने लेझीम शिस्तीची झाली. ‘आदिपवित्रा’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ असे तिचे हुकूम ठरले, आणि एकदम दोनशे मुले खेळू लागली. हा लाभ लहान नव्हे.

चीनमध्ये हेच काम निराळ्या दाराने झाले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या व लंडनमध्ये शिकलेल्या दाई आय्‌लियान या नर्तकीने सरहद्दीवरील जमातींचे नाच त्यांच्यात जाऊन शिकून घेतले, १९४६ साली चुंगकिंगच्या रंगमंचावर आणले. १९५४ साली पेकिंगला निघालेल्या नृत्यशाळेची ती पहिली प्रमुख. तेथेही रंगमंचासाठी काटछाट झालीच. पण नाचाला नाच म्हणण्याची लाज नव्हती.

आपण लाज राखली आणि हलगी गमावली. हलगीचे घर बहुधा मातंगाचे. ठेका बदलला की पाऊल कसे बदलावे, ही विद्या त्याच्या बोटांत. लेझीम आत आली, तिचा गुरू फाटकाबाहेर राहिला. त्या भागातील एका शाळेत मी पाहिले, तेव्हा एक वृद्ध हलगीवाला कुंपणाशी उभा राहून तारेवर बोटांनी ठेका धरीत होता. त्यास आत बोलवावे, असे मी शिक्षकांस सुचविले. हलगी अभ्यासक्रमात नाही, असे त्यांनी सौजन्याने सांगितले.