वीतभर खाली सरकलेली सुई

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या वासात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर एका रसायनाने घरातच मला थक्क केले.

आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा दोन रात्री ती कळवळत होती. "डावा राहू दे तसाच," म्हणाली, आणि चार वर्षे तो ओढत राहिली. मागच्या वर्षी ती तयार झाली ती भूलतज्ज्ञ बाईंच्या शब्दावर : "आजी, या वेळी दुखण्याचा निरोप नेणारी नसच गप्प करू." नस म्हणजे इथे रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू.

मी मग जुने वाचत बसलो. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी कोकेन थेट मज्जातंतूपाशी टोचले. स्वतःवर प्रयोग करता करता त्यांना त्याचेच व्यसन जडले! निर्धोक औषधाचा शोध त्यामुळेच सुरू राहिला. १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिडोकेन बनवले. सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःलाच टोचून पाहिले. १९५७ मध्ये तासन्‌तास टिकणारे बुपिव्हाकेन आले.

औषध मिळाले, तरी गुडघ्याचा प्रश्न सुटेना. जांघेत सुई दिली की दुखणे थांबे, पण मांडीचा स्नायूही लुळा पडे. रुग्ण उभा राहायला जाई आणि पडे. गुडघा बदलल्यावर तर लवकर चालायला हवे. २०१० नंतरच्या दशकात सुई मांडीच्या मध्यावर, वीतभर खाली आली. तिथे मुख्यतः संवेदनेचे तंतू सापडतात, स्नायूची ताकद बरीच शाबूत राहते. नेमकी जागा सोनोग्राफीत दिसते. (गंमत अशी, की भुलेसाठी वापरले तरी आपल्याकडे हे यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावे लागते.) मात्र गुडघ्याच्या मागच्या बाजूचे दुखणे या सुईने जात नाही, गोळ्या लागतातच.

संध्याकाळी आई वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. मी नुसता पाहत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे औषधाचा अंमल उतरला, तशी तिने मला हलवून उठवले.

"अरे, उठ. नस जागी झाली. त्या बाईंनी सांगितलेली गोळी दे आधी, मग चहाचं बघ."