एकेश्वरवाद आणि करार : प्राचीन यहुदी धर्माचे दोन आधार

ईश्वर एकच आहे आणि त्याने इस्रायली लोकांशी करार केला आहे, या दोन श्रद्धांवर प्राचीन यहुदी धर्म उभा राहिला. हिब्रू भाषेत या कराराला ‘ब्रीत’ म्हणतात. परंपरेनुसार पहिला मोठा करार अब्राहामाशी झाला. त्यात संतती व भूमी यांचे वचन होते आणि जन्मानंतर आठव्या दिवशी होणारी सुंता ही त्याची खूण ठरली. दुसरा करार सीनाय पर्वतावर मोशेमार्फत संपूर्ण लोकसमूहाशी झाला. दहा आज्ञा हा त्याचा गाभा होय.

या आज्ञांनी अन्य देवांची उपासना निषिद्ध केली. अन्य देव अस्तित्वातच नाहीत, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. सीनाय द्वीपकल्पातील कुंतिलेत अजरूद येथे सापडलेल्या, इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या लेखांत यहोवासोबत ‘अशेरा’चाही उल्लेख आढळतो. एकनिष्ठेपासून निखळ एकेश्वरवादापर्यंतचा प्रवास दीर्घ होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कराराची कल्पना पश्चिम आशियाच्या राजकारणात परिचित होती. असिरियाचा सम्राट एसरहद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. शपथ मोडणाऱ्यासाठी त्यांत भीषण शाप होते. ‘अनुवाद’ या ग्रंथाची रचना अशा करारांशी मिळतीजुळती आहे. फरक एवढाच, की येथे सार्वभौम सत्ता ईश्वराची असून राजाही नियमशास्त्राने बांधलेला आहे.

या श्रद्धेची खरी कसोटी इ. स. पू. ५८६ च्या सुमारास लागली. बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले आणि अनेकांना बंदी करून नेले. लोकांचा पराभव म्हणजे त्यांच्या देवाचा पराभव, असा तत्कालीन समज होता. संदेष्ट्यांनी निराळा अर्थ लावला : देव हरला नाही, लोकांनी करार मोडला. बाबिलोनलाही साधन म्हणून वापरणारा ईश्वर मग एकाच भूमीचा न राहता साऱ्या जगाचा ठरतो. ‘यशया’ ग्रंथाच्या उत्तरार्धात अन्य देवांचे अस्तित्वच नाकारले आहे, तर यिर्मयाने अंतःकरणावर कोरलेल्या नव्या कराराची आशा व्यक्त केली.

इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बाबिलोन जिंकल्यावर परतीचा मार्ग खुला झाला आणि जेरुसलेममध्ये दुसरे मंदिर उभे राहिले. रोमनांनी इ. स. ७० मध्ये तेही पाडले. तरीही धर्म टिकला, कारण करार पाळण्यासाठी मंदिर अनिवार्य नव्हते. ईश्वराच्या एकत्वाची ‘शेमा’ प्रार्थना, सुंता आणि शब्बाथ कोठेही पाळता येत होते. कोकणातील बेने इस्रायल समाजाने हीच तीन व्रते जपली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले.